चौथा पाय

पहिल्या वर्षी अकरा जण आले.
त्यातले चार, पाऊस चुकवायला.
मी मोजले, कारण किल्ल्या माझ्याकडे होत्या
आणि दिवे घालवायच्या आधी माणसं मोजायची
ही दोरखंडाच्या कारखान्यातली जुनी शिस्त.
कारखाना बंद पडून तेव्हा नऊ वर्षं झाली होती;
शिस्तीला कुणी कळवलं नव्हतं.

वेन्लाकडे एक प्रोजेक्टर होता, पोर्तोहून आलेला एक मित्र,
आणि दारावर खडूनं लिहिलेला शब्द: आंतरराष्ट्रीय.
"परदेशी तर एकच आहे," मी म्हटलं.
"मग एकापासूनच मोज ना, आउने," ती म्हणाली
आणि बसायला कमी पडतंय म्हणून मला घरी पिटाळलं.

मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं.
बर्चचं, इल्पोनं केलेलं.
तीन पाय त्यानं मोजून कापले.
चौथा कापताना फोन वाजला,
कारखान्यातून होता,
सोमवारपासून येऊ नका म्हणून.
तेव्हापासून तो पाय बोटभर आखूड,
खाली कॉफीच्या पुड्याचा पुठ्ठा, चौघडी घालून.
बर्फ वितळलं की पुठ्ठा बदलायचा.
इल्पो गेला तरी बदलते.

तिसऱ्या वर्षी सोलहून सोरा आली.
सगळी दालनं सोडून
स्टुलापुढे उकिडवी बसली,
वहीत पुठ्ठ्याची घडी काढत राहिली.
मी तिला सॅमनचं सूप दिलं, वर शेपू.
तिनं शेपू हळूच काठाला सारला.
शेपू नको म्हणणारी माणसं जगभर असतात तर!
आंतरराष्ट्रीय म्हणजे हेच असेल, असं मला वाटलं,
आणि त्या खडूच्या शब्दाला मी पहिल्यांदा मान दिला.

पुढचं भराभर झालं.
मैदानात तंबू, मग तंबूला तंबू.
बेटावरून येणाऱ्या बोटीची एक फेरी वाढली,
मग चार.
बेकरीवाल्या रौनीनं राईच्या पावाचे तुकडे लहान केले
आणि भाव मोठे.
सातव्या वर्षी उद्घाटनाला फीत नको म्हणाले,
आमच्या कारखान्याचा शेवटचा दोर आणला,
महापौरबाईंनी करवतीनं कापला.
माझ्या शेजारी उभा राहून जुना फोरमन यॉर्मा पुटपुटला,
"सहा टन ओढायचा हा."
लोक टाळ्या वाजवत होते.
यॉर्मानंही वाजवल्या, पण उशिरा.

दहाव्या वर्षी मोजायचं काम दाराकडे गेलं.
मनगटाला पट्टा, पट्टा दाखवला की हिरवा दिवा.
मी किल्ल्यांचा जुडगा दिला,
एक ठेवून घेतली, कोळशाच्या कोठीची.
कोठी पाडून तिथं कॅफे झालाय.
किल्ली खिशात असते. वजन बरं वाटतं.

आणि बाराव्या वर्षी, दुकानाच्या काचेत, माझं स्टूल.
माझं नव्हे. चाळीस स्टुलं, प्रत्येकाला नंबर,
प्रत्येकाचा चौथा पाय बोटभर आखूड,
खाली पुठ्ठा. पितळेचा.
घड्यासुद्धा हुबेहूब.
किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढी.
मला राग यावा असं वेन्लाला वाटलं.
मला आधी हसू आलं: पितळेचा पुठ्ठा
बदलायचा कधी?

त्या संध्याकाळी सोरा घरी आली.
आता चष्मा, केसात पांढरं, हातात पाकीट.
पैसे आहेत म्हणाली, तुमचा वाटा.
मी पाकीट ब्रेडच्या डब्याखाली ठेवलं, उघडलं नाही.
मग तिनं विचारलं, जे नऊ वर्षं विचारायचं राहिलं होतं:
"हा पाय असा का?"
"फोन वाजला," मी म्हटलं.
ती पुढचं ऐकायला थांबली.
बाहेर बंदरात त्यांचे दिवे पाण्यावर हलत होते,
सहा हजार माणसं, कुणीतरी मोजलेली.

ती जुन्या स्टुलावर बसली.
स्टूल डुललं. पुठ्ठा पार चेपला होता.
तिनं टेबलावरचा रिकामा पुडा घेतला,
फाडला, घडी घातली, खाली सरकवली,
पुन्हा बसली. पुन्हा डुललं.
तीनच घड्या घातल्या होत्या.
मी काही बोलले नाही.
ती खाली वाकली
आणि कागद उलगडू लागली.