रंगाच्या पिंपातलं झाड

भार्गवीनं आणल्या सात बिया,
वहीच्या कागदाची पुडी, वर हिरव्या शाईत: मिमोसा.
कॉलेजची सहल, कुणाची तरी बाग.
उकळून उतरवलेल्या पाण्यात रात्रभर ठेव, म्हणाली.
म्हटलं, पोरी, भिजवायचं मला शिकवू नकोस,
एकतीस वर्षं तेंदूची पानं भिजवतेय मी.

सकाळी तीन फुगलेल्या.
चार तशाच, भाकरीत लागणाऱ्या खड्यासारख्या.

कुंडी कुठली? रंगाचं पिंप.
डाइंग बंद पडलं त्या दिवशी
थकलेल्या पगाराऐवजी ज्यानं त्यानं काहीबाही उचललं,
आमच्या ह्यांनी हे.
खिळा तापवून तळाला भोकं पाडली,
खाली खडी, वर काळी माती, तिच्यात निम्मी वाळू.
नुसती काळी घातलीस तर चैतात भेगाळेल, म्हणाले,
आणि भेग मुळं तोडते.
एवढं एका दमात ते वर्षात बोलले नव्हते.

पहिला महिनाभर पाणी घातलं की
तळातून लाल यायचं,
मग जांभळट,
एकदा तर मोरपंखी, विडी घरकुलची अख्खी गल्ली बघायला.
राजमणी म्हणाली, अक्का, झाड लावलंस का चादर पिळतेस?

नळ पाचव्या दिवशी, तोही रात्री दोनला.
घागरी भरता भरता झाडाचं नाव शेवटी.
मग पानं भिजवलेलं पाणी त्याला घालायला लागले,
चहासारखं, तुरट वासाचं.
प्यालं. काय करणार.

दोन रोपं मे महिन्यात गेली.
तिसऱ्यावर जुनी चादर बांधली, मोराच्या डिझाइनची,
उन्हात मोर उडून गेला, रोप राहिलं.

एका संध्याकाळी बघते तर
सगळी पानं मिटलेली, जोडीला जोडी चिकटून.
मेलं गं, म्हणून ओरडले.
भार्गवी हसली, झोपलंय ते.

माझ्या मांडीवर सूप, नऊशे झालेल्या, शंभर बाकी.
पत्रा ठेवा, कात्री फिरवा, चिमूट तंबाखू,
वळा, तोंड दुमडा, दोरा.
आणि समोर हे,
पत्रा नाही, दोरा नाही, बोटं नाहीत,
शेकड्यानं पानं मिटवून बसलेलं,
एक वाकडं नाही.
कारखान्यातला मादगुंडी, मुठीमुठीनं छाट काढणारा,
त्याला ह्यातलं एक तरी बाजूला काढून दाखव म्हणावं.

तिसऱ्या वर्षी काटे आले, पांढरे, जोडीनं.
मग दिवाळीच्या पुढेमागे पिवळे गोंडे,
बोट लावलं की बोटाला भुकटी.
इरण्णा आला होता, रेल्वेत गँगमन होता तो,
बघून जो हसला, खोकला लागेस्तोवर.
अहो वहिनी, ही बाभूळ! साधी बाभूळ!
दुधनीपर्यंत रुळाच्या दोन्ही अंगांना हीच की,
तोडून तोडून जन्म गेला माझा!

गल्ली हसली. हेसुद्धा हसले, भिंतीकडे तोंड करून.
भार्गवीचा पुण्याहून फोन:
आई, सॉरी, टाकून दे ते.

कसं टाकू?
रात्री दोनचं पाणी आहे त्यात.
मोरपंखी आहे.

पिंप फक्त हातभर सरकवलं, काट्यात पदर अडकतो म्हणून.
आणि एक झालं,
तीन वर्षं 'ते' म्हणत होते,
आता तोंडात आपोआप 'ती' येतं.
ती उठली का. तिला घातलंस का पाणी.

काल नऊशे चाळीसवर हात थांबला.
अजून उजेड होता थोडा, दोरा सुईएवढा दिसत होता,
पण ती मिटली होती.
सूप खाली ठेवलं.
साठ उद्या.