वीस तेत्री

आमच्या इमारतीतली लिफ्ट पैसे खाते.
खरोखरच खाते. दाराशेजारी पत्र्याची पेटी,
पेटीला फट, फटीत वीस तेत्रीचं नाणं,
मग कुठेतरी घशात खडखड, आणि आपण वर.
पाहुणे हसतात.
ओतिया हसत नाही, त्याला हे पटतं.
द्यावं, आवाज ऐकावा, वर जावं.
इतकं सरळ वागणारं दुसरं काही
नऊ वर्षांत त्याला तिबिलिसीत भेटलेलं नाही.

सकाळ पावाने उगवते.
भट्टीवाला झुराब आम्हाला बघूनच निवडायला लागतो:
होडीसारखा लांबट, दोन्ही शेंड्या शाबूत.
एकदा रांगेत कुणाचा तरी धक्का लागला, शेंडी मोडली,
आणि फुटपाथवर आमचा दिवस मोडून पडला.
तो आडवा, कानांवर हात. मी शेजारी मांडी घालून, गप्प.
एका बाईने क्रूस केला. दुसरी म्हणाली, लाडावलंय.
पूर्वी मी समजावून सांगायचे.
आता पावावरची राख झटकत बसते.

मी शिवणकाम करते, आणि माझ्याच पोराला
शिवण सोसत नाही.
त्याचे मोजे उलटे, सदरे उलटे,
गळ्यामागची चिठ्ठी तर मुळासकट उसवलेली.
गिऱ्हाइकं म्हणतात, मक्वाला, तुझा टाका दिसतच नाही.
कोणासाठी शिकले ते त्यांना काय माहीत.

बाप पोलंडात ट्रक चालवतो.
महिन्याला पैसे येतात, रविवारी फोनवर तोंड येतं.
ओतिया लाल बटण दाबतो, तोंड जातं.
रागाने नाही हो,
लाल आहे म्हणून.

मार्चमध्ये पेटी काढून नेली. आता कार्ड, म्हणाले,
नुसतं टेकवा.
भिंतीत स्क्रूची चार भोकं राहिली.
ओतिया चारही भोकांत नाणं घालून बघत होता.
मग जे सुरू झालं ते दोन तास.
आठवा मजला, आणि जिन्याने जायचं नाव नाही.
सातव्यावरून वाझा ओरडला, मढी उठतील रे!
मग स्वतःच खाली उतरला, सपाता फटफटवत.
उभा जन्म गॅरेजात गेलेला, नखं अजून काळी.
माझ्याकडे बघितलं नाही, पोराकडेही नाही.
भोकांकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी पेटी जागेवर.
भंगारातून आणली, की चोरून, विचारलं नाही मी.
तार कुठेच जोडलेली नव्हती.
आत एक मधाचा डबा आणि सायकलची चेन.
नाणं टाकलं, खडखड झाली.
ओतियाने कान झाकले.
वाझाने शिवी हासडली, पेटी उघडली, चेन दोन कड्या कमी केली.
पुन्हा कान.
तिसऱ्यांदा डब्यात चिंधी घातली,
आणि ओतियाचे हात खाली आले.
मी पाठीमागून हळूच कार्ड टेकवलं.

वाझाच्या शिव्या थांबलेल्या नाहीत, हेही सांगायला हवं.
रात्री नळीने रेडिएटर ठोकतो, झोपू द्या म्हणून.
पण शनिवारी पेटी उघडून
नाणी बरणीत घालून दाराशी ठेवतो.
ओतियाची चौदा व्हायला हवीत.
परवा सतरा निघाली.
वरची तीन कोणाची? विचारलं सगळ्यांना.
कोणी कबूल होईना.

काल रात्र अशीच गेली, चारपर्यंत दिवा चालू-बंद, चालू-बंद.
सकाळी मला उठवेना.
पडून राहिले, छताकडे बघत,
पाव संपेल, झुराब वाट बघेल, उठ, उठ,
आणि अंग काही केल्या हलेना.
तो आला. डोळ्यांत नेहमीसारखं बघितलं नाही.
माझी मिटलेली मूठ एका बोटाने जराशी उघडली,
फट पडेल इतकीच,
आत नाणं सरकवलं,
आणि पलंगाशेजारी सरळ उभा राहिला, वाट बघत.

मी घशातून खडखड काढली.
जमेल तशी.
त्याने कान झाकले नाहीत.
मग मी वर.