वासे मोजणारा

आधी जेवला, पोटभर.
डुकराचं मांस, मटार, वर काळ्या बिअरचा उंच ग्लास.
मग एडविन स्पर्लिंगने शिडी मागितली
आणि माझ्याच घरचे वासे मोजायला लागला.

मी मर्सी थर्केटल, हेरन इनची मालकीण.
म्हणजे बँकेच्या खालोखाल.
पाटीवर बगळा एका पायावर,
त्याच्या खाली सोनेरी आकडे: १३९०.
सासऱ्यांनी रंगवलेले. त्यांना कुणी सांगितले,
हे विचारायची सोय नव्हती.

रस्त्यावरून पाहाल तर लाल विटांचं शिष्ट तोंड,
ओळीत खिडक्या, त्यातल्या दोन बुजवलेल्या.
खिडक्यांवर कर होता तेव्हा
कुणीतरी उजेड देऊन पैसे वाचवले.
पण घोडागाड्यांच्या कमानीतून मागे या,
तिथे घर आपल्या खऱ्या वयात बसलंय:
ओकच्या मेढी, मधे कुडाच्या भिंती,
आणि जिथे ढलपी निघाली तिथे
लिंपणाऱ्याची चार बोटं.
अंगठा नाही. मी शोधला.

"लाकूड ओलं असतानाच उभं केलं," शिडीवरून आवाज आला,
"वाळता वाळता पिळवटलं."
म्हणजे इथे घर फिरलंच नाही.
वासे आधी फिरले, घर त्यांच्या मागून गेलं.
म्हणून चार नंबरच्या खोलीत
खिडकीशी ठेवलेलं सफरचंद
सकाळी दारापाशी सापडतं.

शेकोटीवरच्या तुळईला अश्रूंसारखे काळे डाग.
वीस वर्षं मी ते घासत आले.
"मुद्दाम जाळलेत," तो म्हणाला.
मोठी आग येऊ नये म्हणून
घराला थोडी आग टोचायची,
देवीची लस टोचावी तशी.
मी फडकं खाली ठेवलं.

मग गिरमिट. तुळईतून
पेन्सिलीएवढी कांडी निघाली.
भिंगाखाली वर्षं: काही एकमेकांना चिकटून, उपाशी;
काही ऐसपैस, भरल्या पावसाची.
शेवटची रेघ सालीला टेकलेली.
"चौदाशे त्रेसष्टचा हिवाळा. तोवर हे झाड रानात उभं होतं."

त्र्याहत्तर वर्षं
एवढ्याशा भोकातून निघून गेली.
बारमधला म्हातारा डिगरी हसलाही.

"आणि तेराशे नव्वद?" मी विचारलं,
भांडायच्या आवाजात.
त्याने भिंग सरकवलं. बराच वेळ ओठ हलत होते.
"हे बघा. गाभ्यापासून अकरावी रेघ."

मनगटाएवढं झाड.
कुणाला छप्पर द्यायचं त्याच्या मनातही नसेल.
पण होतं.

पाटी तशीच ठेवली आहे.
बिलात मी बिअर लावली नाही.
मांसाचे पैसे घेतले.