ण, आठशे टक्के मोठा

केळुस्करांना बॅनर उद्या सकाळी हवाय.
सोसायट्यांच्या टाक्या धुऊन देतात ते,
धायरीपासून वारज्यापर्यंत,
आणि निळ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत त्यांचे तीनच शब्द:
स्वच्छ पाणी, नक्की.

स्वच्छ बरं आलं. नक्कीसुद्धा चालून जाईल.
पाण्यातला ण मात्र अडून बसला.
त्याच्या पोटाला पायऱ्या,
पर्वतीला असतात तशा,
रुंद, दम लागेल अशा.

मी त्याला आठशे टक्के मोठा केला,
इतका, की अक्षर उरलंच नाही.
शहाबादी फरशी घातल्यासारखे चौकोन,
एक काळा, शेजारचा पांढरा,
आणि वळण कुठेच नाही.
पडद्याला वळण ठाऊकच नसतं.
भरलेलं आणि रिकामं,
एवढ्या दोन गोष्टींवर त्याचा संसार.

मृण्मयी खुर्ची सरकवत आली.
कडेला मधले रंग टाक, म्हणाली,
अर्धा काळा, पाव काळा,
मग काळ्याची नुसती आठवण.
लांबून बघणारा स्वतःच वळण काढून घेतो.
म्हणजे डोळ्याला फसवायचं?
त्याला सवय आहे, ती म्हणाली,
आणि डब्यातली अर्धी पोळी माझ्या पुढे सरकवली.

खरंच झालं तसं.
मोठं करून पाहिलं तर कडेला राखेचे ठिपके,
लहान केलं तर ण कसा,
बोरूनं काढल्यासारखा.

मग तो उचलून निळ्या पट्टीवर ठेवला
आणि सगळ्या अंगाभोवती
पांढरी किनार उगवली,
ताक पिऊन ओठ पुसायचा राहिल्यासारखी.
कारण ते मधले रंग पांढऱ्याशी बोलून ठरलेले.
अर्धा काळा म्हणजे उरलेला अर्धा पांढरा,
जमीन बदलली तरी तो सोबत आला.

कुठल्या रंगावर उभं राहायचंय
ते अक्षराला आधी सांगावं लागतं रे,
मृण्मयी पर्स खांद्याला लावत म्हणाली,
नंतर सांगून उपयोग नाही.
आणि तिची स्कूटी टिळक रोडकडे गेली.

मला कुणी सांगितलं होतं?
निलंग्याहून हडपसरला उतरलो पहाटे,
कॉट बेसिसच्या खोलीत सहावा,
खानावळीत पहिल्या दिवशी पानी मागितलं.
वाढणारा हसला. वाईट हसला नाही,
पण तांब्या ठेवताना
त्यानं तो शब्द मला परत करून दाखवला, दुरुस्त करून.

मग न्हाणीघरात, नळ सोडून,
जीभ उलटी वळवून टाळूला लावायची.
लोणी. कणीक. चाळण. ठिकाण.
पहिल्या वर्षी पाव ण,
दुसऱ्या वर्षी दिवसा ण आणि झोपेत न,
मुलाखतीला जाताना खिशात सुट्टे ठेवावेत तसे
चारपाच ण तयार ठेवलेले.
मृण्मयीला तर महिनाभर
हाकच मारली नाही मी.
आता लांबून ऐकलं तर गुळगुळीत आहे.
फार जवळ येऊन कुणी ऐकत नाही या शहरात,
ही त्यातल्या त्यात सोय.

साडेदहा वाजले.
पट्टीचा निळा उचलून कडांना आधी दाखवला,
पुन्हा सगळं केलं.
किनार गेली.
पाणी निळ्यात असं बसलं
की तिथंच जन्मलं असावं.
खालच्या सायकलवाल्यानं शटर ओढलं,
आणि आईचा फोन आला.

जेवलास का. खोकला गेला का.
पानी आलं का रे आज तुमच्याकडं?
मी पडद्याकडे बघत म्हणालो,
हो, पाणी आलं.

पलीकडे थोडा वेळ खरखर.
मग तिचा आवाज, जरा लांबून, परक्याशी बोलल्यासारखा:
कोन बोलायलंय?

उत्तर द्यायच्या आधी
मी फाइल सेव्ह केली.