वरून आलं नाही

सत्तावीस वर्षं मी एकच वाक्य लिहीत आले :
‘मार्गदर्शनासाठी वरिष्ठ कार्यालयाकडे सादर.’
अक्षर चांगलं आहे माझं.
आले-गेले सगळे साहेब मसुदा माझ्याकडंच द्यायचे.

गारगोटीहून, आजऱ्याहून कुणी फोनवर विचारलं,
लस का नाही, डिझेलचं बिल का अडलं,
की मी पेनाची टोपी छताकडं करायची,
फोनवर दिसत नसूनही.
वरून आलं नाही.
वर म्हणजे मुंबई. तिच्या वर वित्त विभाग.
त्याच्या वर पंखा,
आणि पंख्याच्या दांडीला गेल्या दिवाळीपासूनचं जाळं.

एप्रिलात पाटी बदलली.
पेंटरनं आधी ‘प्रधिकरण’ लिहिलं, मग ‘प्राधीकरण’,
मग शिडीवरूनच म्हणाला,
बाई, तुमीच काढून द्या की कागदावर.
दिलं काढून :
विभागीय आरोग्य प्राधिकरण, कोल्हापूर.
साहेबांनी पेढे मागवले.

शासन निर्णय पाच पानांचा.
निधी इथून, खरेदी इथून, भरती इथून.
आणि पान चार, मुद्दा अकरा, एकच ओळ :
‘उत्तरदायित्व प्राधिकरणाचे राहील.’
राहील.
भाडेकरू राहतो तसं.

मंगळवारी धाकलू गावडे आला,
चंदगडहून, पहाटेच्या एसटीनं.
पिशवीत फडक्यात बांधलेली भाकरी
आणि प्लास्टिकच्या कागदात तीन पोहोचपावत्या,
मुंबईला केलेल्या तीन अर्जांच्या.
सुनेचं पहिलं बाळंतपण.
बाळाला ऊब द्यायचं यंत्र दवाखान्यात होतं,
कॉईल जळून अकरा महिने झाले होते.
रात्री जीप करून बेळगावकडं निघाले, वाटेत...
‘वाटेत’ म्हणून तो थांबला
आणि पावत्या माझ्या टेबलावर
एकेक करून सरळ रेषेत लावत बसला.

‘भांडाय आलो न्हाई बाई.
डाक्टर म्हनाले, आता हितंच इच्यारायचं.
तेवढं सांगा,
त्ये कॉईल कितीला मिळतंय?’

मला माहीत होतं.
दरपत्रक माझ्याच ड्रॉवरमध्ये होतं,
त्याच्यावर समासात, वळणदार,
माझ्याच हातचं : मार्गदर्शनासाठी सादर.

टोपी बोटांत होतीच.
मान सवयीनं वर गेली.
जाळं.

‘चार हजार तीनशे,’ म्हटलं, ‘जीएसटी धरून.’

त्यानं मनात हिशेब केला. ओठ हलले.
‘म्हंजे अर्धं पोतं काजू,’ म्हणाला.
एवढंच.
मग विचारलं, नळ कुठं आहे,
आणि बाहेरच्या बाकावर बसून भाकरी खाल्ली.

त्याला सांगितलं नाही मी,
की उत्तरदायित्व एप्रिलातच आलं,
पहिला हप्ता अजून यायचाय.
खरंच, वरून आलेलं नाही.
पहिल्यांदाच ते वाक्य घशात आलं
आणि तिथंच राहिलं, मुद्दा अकरासारखं.

दुपारी नवी टिपणी घेतली.
‘खरेदी करावी’ लिहिलं. ‘सादर’ नाही, ‘मार्गदर्शन’ नाही.
दोनच शब्द,
आणि अक्षर इतकं वाईट आलं
की साहेब म्हणाले, हे कुणी लिहिलं?
मी, म्हटलं.
पैसे? म्हणाले.
स्टेशनरीच्या अग्रिमातून, म्हटलं,
लेखापरीक्षणात काय ते मी बघते.
त्यांनी खिडकीतून बराच वेळ पाटीकडं पाहिलं,
उलट्या बाजूनं, जिथून नुसता पत्रा दिसतो.
मग सही केली.

एक पावती तो विसरून गेला. की ठेवून गेला.
तिच्या कोपऱ्यावर काजूच्या चिकानं
काळवंडलेल्या अंगठ्याचा ठसा.
नव्या आवक रजिस्टरात अजून काहीच नव्हतं.
मी पहिली ओळ आखली,
क्रमांक एक,
आणि ‘विषय’ या रकान्यापाशी
पाच वाजून गेले तरी बसले होते.