पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे

"पट्टी बघ!" असं मी वीस वर्षं ओरडलो
मानकापूरच्या मैदानावर.
उन्हाळ्यात सकाळी सातलाच वाळू तापते इथं,
आणि माझा आवाज पोरींच्या आधी पट्टीवर पोचायचा.

तेजल पराते, गोळीबार चौकातली.
सतरा पावलांची धाव, चौदापर्यंत देखणी,
पंधराव्याला पाय आखडता.
मग प्लास्टिसिनवर बुटाचा ठसा
आणि लाल झेंडी.
"काहून बे, भिऊन राहिली का?"
भीती मीच द्यायचो,
डब्यात पोळी द्यावी तशी, रोज.

जानेवारीत शंभरकर मॅडम आल्या.
मनाच्या कोच, असं कार्यालयाच्या पत्रात होतं.
म्हटलं, मनाला काय आता उठाबशा घालायला लावणार?

आठ दिवस त्या नुसत्या माझ्या बाजूला उभ्या राहिल्या,
थर्मासातला चहा दोघांत ओतत.
नवव्या दिवशी विचारलं,
"सर, चौदाव्या पावलाला तुमच्या हातांना काय होतं?"

मी हात पाहिले.
मुठी.
शिट्टीची दोरी बोटांवर आवळून पांढरी झालेली बोटं.

मग बायकोलाही न सांगितलेलं बोलून गेलो.
ब्याण्णव साल, निवड चाचणी,
तीन उड्या, तिन्ही लाल.
परतीच्या गाडीत वर्ध्यापर्यंत झोपेचं सोंग.
मॅडमनी "अरेरे" म्हटलं नाही.
म्हणाल्या, "ती पट्टी उचलूनच आणली म्हणायची तुम्ही."

गृहपाठ मला मिळाला.
पंधरा दिवस तो शब्द बंद,
आणि रोज एक ओळ: आज पोरीला काय जमलं.
हजेरीवहीच्या मागच्या पानावर लिहू लागलो.
पहिला दिवस: वेळेवर आली.
दुसरा दिवस: वेळेवर आली.
तिसरा: धावताना मान मोकळी होती.
अकरावा: फाऊल गेला, तर दंताळं घेऊन
स्वतःच वाळू सारखी केली, गुणगुणत.
(हे "जमलं" यात धरायचं का, ते कळेना. धरलं.)

तिला मॅडमनी एवढंच सांगितलं,
धावण्याआधी श्वास पोटापर्यंत जाऊ दे
आणि घरातला एखादा आवाज ऐक.
तिनं बापाचा हातमाग निवडला.
खट् खटक्, खट् खटक्,
सतरा पावलं त्यावर.

विभागीय स्पर्धा. पहिली उडी लाल.
तिनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं.
मी दोन्ही तळहात उघडून दाखवले,
झडती देणाऱ्या माणसासारखे.
ती हसली.
दुसऱ्या उडीला पाऊल पट्टीच्या दोन बोटं अलीकडे,
पाच मीटर अठ्ठावीस.
चौथी आली. पदकं तीनच असतात.
गाडीवर बसताना म्हणाली,
"सर, आज तुमचा आवाजच नाही आला,
मले वाटलं तुम्ही घरी गेले."

परवा सगळे गेल्यावर
वाळू सारखी करता करता काय झालं कोण जाणे,
दंताळं टाकलं, मागं गेलो,
त्रेपन्नाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधलेला,
धावलो.
खाली बघितलं नाही.
पडलो ते धपकन, तोंडात वाळू,
आणि वळून पाहतो तर
पाण्याची बाटली विसरली म्हणून परतलेली तेजल
पट्टीपाशी उभी,
उन्हासाठी तोंडाला बांधायचा तिचा पांढरा स्कार्फ
झेंडीसारखा वर धरून.

तिनं पाय खरंच पाहिला होता का,
मी विचारलं नाही.