वरून माती नको

पाकीट उलटं केलं तळहातावर
तर एवढंच:
विडीच्या सुपात शेवटी उरते तसली भुकटी.
अंबादास म्हणाला, आई, श्वास रोखून धर, उडेल.

पाकिटावर नाव छापलेलं, अ‍ॅलिसम.
सासूबाईंनी ते दोनदा तोंडात घोळवलं
आणि म्हणाल्या, अलिसम्मा म्हण की,
आपल्यातलीच कोणतरी वाटती.

मेथी टाकतात तशी टाकली मी,
वर बोटभर माती, मातीवर थापटी.
दसऱ्याला पेरलं.
दिवाळीपर्यंत तेलाच्या डब्यात नुसती माती.

मग अंबादासनं चष्मा पुसून
पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली:
वरून माती नको. ह्याला उजेड लागतो.

असलं बी मी पाहिलं नव्हतं.
आमच्यात सगळं झाकून ठेवायची रीत,
पीठ, डोरलं, पोरीचं वय,
खोकला.

उरलेलं बी चिमटीत घेतलं.
तीस वर्षं रोज हजार विड्या वळलेली चिमूट,
किती सोडायचं ते तिला कळतं.
ओल्या मातीवर नुसतं टेकवलं.
पाणी फडकं पिळून, थेंब थेंब,
कारण नळ पाचव्या दिवशी येतो
आणि पहिली घागर पिण्याची.

सहाव्या दिवशी
डोळे बारीक केले तर डबा हिरवा.
दोन दोन पानं, टाचणीच्या डोक्याएवढी.
कुणाला सांगितलं नाही.
मोजली. एकोणसत्तर.
दुसऱ्या दिवशी परत मोजली, चौसष्ट,
मुंग्यांना शिव्या दिल्या तेलुगूत.

गड्ड्याचे पाळणे उभे राहिले तेव्हा
डबा काठोकाठ पांढरा झालेला.
इरम्मा जिन्यातूनच ओरडली,
अगं, तुझ्या डब्यात कारखान्याचा कापूस पडलाय बघ!

खरंच तसंच दिसत होतं.
टॉवेलच्या मागावरून उडणारं ते भुरभुरं,
रोज रात्री ह्यांच्या भुवयांवरून
मी झटकायची तेच.
फक्त ह्याला मधाचा वास.

सासूबाई दुपारभर डब्यापाशी बसून राहिल्या,
नाकाला पदर न लावता.

मार्चात सगळं वाळलं.
सोलापूरच्या उन्हाशी कोण भांडणार.
काड्या मी उपटल्या नाहीत,
हलवल्या की बी गळायचं
आपलं आपण, मातीवर, उघडंच.

इरम्मा म्हणाली, डबा रिकामा झालाय तर
कोथिंबीर तरी लाव.

म्हटलं, रिकामा कुठंय.